जॉन व्हॉन न्यूमन : एक गेला तरी बाकीचे आहेत!

व्हॉन न्यूमन म्हटलं की आपल्याला आठवते ती एक आकृती. मेमरीचा बॉक्स, सीपीयूचा बॉक्स, मध्ये बाण, की झाले पाच मार्क! मीही त्यांना तेवढंच ओळखत होतो. पण रात्री दोन वाजता एटीएममधून पैसे काढताना बँकेच्या डेटा सेंटरमधली एखादी डिस्क मेलेली असू शकते, आणि तरीही आपले पैसे मिळतात. बेभरवशाच्या भागांपासून भरवशाचं यंत्र कसं बनवायचं, हे गणितात नीट बसवलं ते याच माणसाने.

त्यांचा जन्म २८ डिसेंबर १९०३ चा, हंगेरीतल्या बुडापेस्टचा. वडील बँकर. मुलगा गणितात विलक्षण हुशार, पण गणितावर पोट भरत नाही असं वडिलांचं मत. (ओळखीचं वाटतंय ना?) म्हणून झुरिकला केमिकल इंजिनीअरिंगला अ‍ॅडमिशन! १९२६ मध्ये त्यांनी झुरिकची ती डिग्रीही मिळवली आणि बुडापेस्टहून गणितातली डॉक्टरेटही. १९३० मध्ये ते अमेरिकेत प्रिन्स्टनला गेले आणि १९३३ पासून तिथल्या इन्स्टिट्यूट फॉर अ‍ॅडव्हान्स्ड स्टडीत प्रोफेसर झाले. नेहमी सुटात असायचे, घरी पार्ट्या चालायच्या, आणि गाडी अशी चालवायचे की ठोकाठोकी ठरलेलीच.

दुसऱ्या महायुद्धात ते अणुबॉम्बच्या कामात होते. नागासाकीवर पडलेल्या बॉम्बच्या रचनेतही त्यांच्या गणिताचा वाटा होता, ही गोष्ट लपवून त्यांचं चरित्र सांगता येत नाही. त्या प्रचंड आकडेमोडीसाठी यंत्र हवं होतं. १९४४ मध्ये त्यांना फिलाडेल्फियात तयार होत असलेल्या एनिअ‍ॅकची माहिती मिळाली आणि ते तिथे जाऊ लागले. पुढच्या एडव्हॅक यंत्राचा १९४५ चा रिपोर्ट त्यांनी लिहिला. आपली पाच मार्कांची आकृती त्यातलीच. पण रिपोर्टवर नाव एकट्या त्यांचंच आलं. एकर्ट आणि मॉकली या इंजिनीअर्सना ते फार लागलं, आणि ते चुकीचं होतं असंही नाही.

एनिअ‍ॅकमध्ये जवळजवळ १८,००० व्हॅक्युम ट्यूब होत्या. दर एक-दोन दिवसांनी एखादी उडायचीच. मग न्यूमन यांनी प्रिन्स्टनला स्वतःचं मशीन बांधायला घेतलं. त्याच्या मेमरीत ४० ट्यूब होत्या, प्रत्येकीत १०२४ बिट. प्रत्येक शब्दाचा एकेक बिट एकेका ट्यूबमध्ये. म्हणजे एक ट्यूब बिघडली की मेमरीतला प्रत्येक शब्द खराब! त्या मशीनचं डिझाइन त्यांनी सगळ्यांना खुलं ठेवलं. आपल्या मुंबईच्या टीआयएफआरमध्ये १९६० मध्ये सुरू झालेला टीफ्रॅकही त्याच धर्तीवर बांधलेला होता.

या बिघाडांवरच त्यांनी जानेवारी १९५२ मध्ये कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत पाच लेक्चर्स दिली. कल्पना तशी सोपी. समजा एक यंत्र १०० पैकी एकदा चुकतं. एकच गणित तीन यंत्रांना द्या आणि बहुमताचं उत्तर घ्या. आता चूक व्हायची तर किमान दोघांनी एकाच वेळी चुकायला हवं. तशी शक्यता १०,००० मध्ये साधारण ३! पण मतं मोजणारा भागही चुकला तर? न्यूमन यांची खरी कमाल इथे आहे. त्यांनी मोजणाऱ्यावरही विश्वास ठेवला नाही. एका वायरऐवजी वायरींची अख्खी जुडी, आणि मतं मोजणारेही अनेक. मात्र दोन अटी : प्रत्येक भाग एका मर्यादेपेक्षा जास्त चुकणारा नको, आणि भागांचे बिघाड एकमेकांपासून स्वतंत्र हवेत.

आता मोठ्या कंपनीचं स्टोरेज बघा. डिस्कच्या रॅकला दोन कंट्रोलर असतात. दोघं एकमेकांच्या कॅशची कॉपी ठेवतात आणि जिवंत असल्याचा सिग्नल एकमेकांना पाठवत राहतात. सिग्नल थांबला की दुसरा सगळं काम हातात घेतो. हाच फेलओव्हर. पण कंट्रोलर ठीक आहेत आणि मधली लिंकच तुटली तर? दोघांनाही वाटतं समोरचा मेला! दोघंही त्याच डेटावर लिहू लागले तर डेटाची वाट लागते. म्हणून अशा सिस्टिममध्ये बऱ्याचदा तिसरा साक्षीदार ठेवतात. ज्याच्या बाजूने दोन मतं, तोच लिहिणार. १९५२ चं बहुमतच हे! आणि स्वतंत्र बिघाडाची अट? दोन पॉवर सप्लाय घेऊन दोन्ही एकाच बोर्डात खुपसले, तर बोर्ड ट्रिप झाल्यावर दोन्ही एकदमच जातात. पैसे दुप्पट, भरवसा तेवढाच.

१९५५ मध्ये न्यूमन यांना कॅन्सर झाल्याचं कळलं. मेंदूतल्या अब्जावधी पेशी इतक्या बेभरवशाच्या असूनही माणूस विचार कसा करतो, यावर ते येल विद्यापीठासाठी लेक्चर्स लिहीत होते. ती अपुरीच राहिली. शेवटच्या दिवसांत ते हॉस्पिटलमध्ये आपल्या मुलीला, मरीनाला, साध्या साध्या बेरजा विचारायला सांगत. आपलं डोकं अजून चालतंय का, हे त्यांना तपासून बघायचं असायचं. ८ फेब्रुवारी १९५७ ला, वयाच्या ५३ व्या वर्षी, ते गेले. त्या डोक्याला स्टँडबाय नव्हता.

ती अपुरी लेक्चर्स १९५८ मध्ये पुस्तकरूपाने निघाली. आता ती आकृती काढताना मला पाच मार्कांच्या आधी त्या बेरजा आठवतात.