लिम कून हियान : मागून घेतलेले नागरिकत्व

जपानी सत्तेच्या अखेरच्या दिवसांत, १९४५ साली, स्वतंत्र इंडोनेशियाच्या घटनेचा आराखडा ठरविण्यासाठी जकार्तात एक तयारी समिती बसली. साठांहून अधिक सदस्यांच्या या समितीत चौघे चिनी वंशाचे होते. त्यांपैकी साखरसम्राटाचे पुत्र ओई त्जोंग हाऊ यांचे मत असे, की चिन्यांनी चीनचेच नागरिक राहावे. लिम कून हियान यांनी नेमकी उलट बाजू घेतली. या भूमीत जन्मलेला प्रत्येक चिनी इंडोनेशियाचा नागरिक ठरावा, ही त्यांची मागणी होती. ती नवी नव्हती. तेरा वर्षांपूर्वी तिच्यासाठी त्यांनी एक पक्षच काढला होता.

बोर्निओतील बांजारमासिन हे लिम यांचे जन्मगाव. पेशा पत्रकाराचा. पाडांग आणि सुराबाया येथील वृत्तपत्रांतून त्यांची लेखणी घडली. तारुण्यात तेही चिनी राष्ट्रवादीच होते आणि त्यात नवल नव्हते. डच राजवटीने वसाहतीतील रहिवाशांची युरोपीय, परदेशी पौर्वात्य आणि मूलनिवासी अशी प्रतवारी केली होती; पिढ्यान्‌पिढ्या जावात राहिलेला चिनीही कागदोपत्री 'परदेशी'च. चीनच्या १९०९च्या कायद्याने तो चीनचा, तर डचांच्या १९१०च्या कायद्याने डच प्रजाजन! या ओढाताणीत चिनी समाजात दोन प्रवाह झाले. 'सिन पो' वृत्तपत्राचा गट चीनकडे पाहणारा, तर १९२८ साली स्थापन झालेली श्रीमंतांची 'चुंग ह्वा ह्वे' ही संघटना डचांकडे झुकलेली. ज्या मातीत आपण राहतो, तिच्याकडे मात्र कोणाचेच लक्ष नव्हते.

सुराबायात डॉ. सुतोमो, तसेच डॉ. त्जिप्तो मांगुनकुसुमो या राष्ट्रवादी नेत्यांच्या विचारांनी लिम यांची दृष्टी पालटली. २५ सप्टेंबर १९३२ रोजी त्यांनी 'पार्ताई तियोंगहोआ इंडोनेशिया', म्हणजे इंडोनेशियातील चिन्यांचा पक्ष स्थापन केला. इंडोनेशियाला मायभूमी मानणाऱ्या स्थानिक चिन्यांसाठी हा पक्ष होता. इंडोनेशियाशी एकरूप व्हायचे, तर चिन्यांचा वेगळा पक्ष कशाला, हा प्रश्न रास्तच आहे. पण त्या काळी बहुतेक राष्ट्रवादी पक्ष बिगर-मूलनिवासींना पूर्ण सदस्यत्व देत नसत. दार बंद, म्हणून अंगणात वेगळी चूल मांडावी लागली.

चूल लहानच राहिली. पक्षाचे बळ मुख्यतः पूर्व जावात. व्यापारी वर्ग दूर राहिला, कारण वसाहतवादी सरकारशी वाकडे घेणे धंद्याला परवडणारे नव्हते. १९३५ साली को क्वाट टिओंग हे 'फोक्सराद' या सल्लागार सभागृहात पोहोचले, एवढेच काय ते संसदीय यश. मात्र लिम यांच्या 'सिन तित पो' या दैनिकात काम केलेल्या ए. आर. बास्वेदान या अरब वंशाच्या तरुण पत्रकाराने १९३४ साली याच धर्तीवर अरबांची संघटना उभारली. सभागृहातील एका जागेपेक्षा हे यश मोठे म्हणावे लागेल. १९४२ साली जपानी आले, सर्व पक्ष बंद झाले आणि लिम यांचा पक्षही संपला.

स्वातंत्र्यानंतर डचांशी झालेल्या रेनव्हिल वाटाघाटींत लिम इंडोनेशियाच्या बाजूने सहभागी झाले. १९४६च्या कायद्याने स्थानिक चिन्यांना आपोआप नागरिकत्व दिले. ज्यांना नको, त्यांनी नाकारावे. म्हणजे लिम यांची जुनी मागणी बव्हंशी मान्य झाली होती.

ऑगस्ट १९५१मध्ये पंतप्रधान सुकिमान यांच्या सरकारने डाव्यांविरुद्ध धरपकडीची मोहीम काढली. हजारो लोक पकडले गेले, त्यांत लिमही होते. ज्या प्रजासत्ताकासाठी वीस वर्षे झगडलो, तेच संशयित म्हणून कोठडीत टाकते, हे त्यांना साहवले नाही. त्यांनी इंडोनेशियाचे नागरिकत्व सोडले. १९५२ साली सुमात्रातील मेदान येथे त्यांचे निधन झाले, तेव्हा कायद्याच्या लेखी ते परदेशी होते.