श्वास मोजणारा स्वामी

व्हायवाचा दिवस. बाहेर रांग, घशाला कोरड, आणि शेजारचा मित्र हमखास सल्ला देतो की दीर्घ श्वास घे, म्हणजे मेंदूला जास्त ऑक्सिजन मिळतो. हा सल्ला मीही कित्येकांना दिलाय. यात थोडा घोळ आपल्या भाषेनंही घातलाय. ऑक्सिजनला आपण शाळेपासून ‘प्राणवायू’ म्हणतो. मग प्राणायाम म्हणजे प्राणवायूचा जादा डोस, असं वाटणारच ना!

हे खरं आहे का, असा प्रश्न एका माणसाला पडला. नुसता पडला नाही, तर त्यानं श्वास मोजायलाच घेतला. तो माणूस योगाचा विरोधक नव्हता. अख्खं आयुष्य योगाला दिलेला संन्यस्त वृत्तीचा माणूस होता तो. त्यांचं नाव स्वामी कुवलयानंद.

मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे. जन्म ३० ऑगस्ट १८८३ चा, गुजरातमधल्या डभोईचा. घरची परिस्थिती बेताची, पण पोरगं हुशार. मॅट्रिकला संस्कृतसाठीची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी पटकावली आणि बडोदा कॉलेजात दाखल झाले. अरविंद घोष तेव्हा तिथेच शिकवत होते. बंगालच्या फाळणीनं देश तापला होता. त्या वयात जे व्हायचं तेच झालं. देशासाठी काहीतरी करायचं, हे गुणेंच्या डोक्यात पक्कं बसलं. त्यांनी लग्न केलं नाही, ते शेवटपर्यंत.

बडोद्यातच त्यांना पहिले गुरू भेटले, जुम्मादादा व्यायाम मंदिराचे प्रोफेसर माणिकराव. १९०७ ते १९१० अशी तीन वर्षं त्यांच्याकडे शरीर कमावण्याचं शिक्षण झालं. म्हणजे योगाच्या आधी आखाडा, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. शरीराकडे बघण्याची त्यांची नजर तिथे तयार झाली.

पदवीनंतर गुणे खानदेशात अमळनेरला आले. आधी शिक्षक आणि मग तिथल्या राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्य. हे कॉलेज राष्ट्रीय विचारांचं, त्यामुळे इंग्रज सरकारच्या डोळ्यांत खुपणारं. १९२३ मध्ये ते बंद पडलं. चाळिशीला आलेल्या माणसाची नोकरीही गेली आणि स्वप्नही.

पण त्याआधीच, १९१९ मध्ये, दुसरं एक दार उघडलं होतं. नर्मदेच्या काठी मालसर इथे परमहंस माधवदासजी नावाचे वृद्ध योगी राहत होते. मूळचे बंगालचे. गुणे त्यांच्याकडे योग शिकले. अनुभव इतका जबरदस्त होता की दुसरा कुणी असता तर तिथेच डोळे मिटून बसला असता. गुणेंना मात्र प्रश्न पडायला लागले. श्वास रोखल्यावर शरीरात नक्की काय होतं? पोट आत ओढलं की आतले अवयव कुठे जातात? ग्रंथ सांगतात आणि गुरू सांगतात, ते ठीकच आहे. पण ते दाखवता येईल का?

मग त्यांनी बडोद्याच्या रुग्णालयात डॉक्टरांच्या मदतीनं योगक्रिया करणाऱ्यांना चक्क एक्स-रे यंत्रासमोर उभं केलं. उड्डियान बंधात श्वास पूर्ण सोडून पोट आत ओढतात. तेव्हा छाती आणि पोट यांच्यामधला पडदा, म्हणजे डायाफ्रॅम, वर सरकलेला यंत्रात दिसला.

पुढची पाळी नौलीची. यात पोटाचे स्नायू मधोमध उभे काढून फिरवतात. योगी या क्रियेच्या जोरावर मोठ्या आतड्यात पाणी ओढून घेतात, असं सांगितलं जायचं. ऐकणाऱ्याला ती थाप वाटायची किंवा चमत्कार. गुणेंनी दाब मोजायचं साधन लावलं. नौलीच्या वेळी आतड्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी झालेला आढळला. म्हणजे चमत्कार नव्हता आणि थापही नव्हती. स्ट्रॉनं उसाचा रस वर येतो ना, तेच तत्त्व. आतल्या त्या पोकळीला त्यांनी गुरूंच्या नावावरून ‘माधवदास व्हॅक्यूम’ असं नाव दिलं. मला ही गोष्ट फार आवडते. गुरूदक्षिणा म्हणून शिष्यानं एक शोध दिला!

ऑक्टोबर १९२४ मध्ये त्यांनी लोणावळ्यात कैवल्यधाम सुरू केलं आणि सोबतच ‘योगमीमांसा’ हे नियतकालिकही. त्यात एकीकडे आसनं कशी करायची ते असायचं, तर दुसरीकडे प्रयोगशाळेतली आकडेमोड.

आता आपल्या व्हायवाच्या प्रश्नाकडे येऊ. इथे निकाल उलटा लागला. प्राणायामात ऑक्सिजन भरपूर मिळतो, हा समज मोजमापात टिकला नाही. गणित साधं आहे. पूरक, कुंभक, रेचक असं सावकाश केलं, तर मिनिटाला एखाददुसराच श्वास होतो. श्वास कितीही मोठा असला तरी तेवढ्या वेळात आत-बाहेर होणारी एकूण हवा नेहमीपेक्षा कमीच भरते. शिवाय निरोगी माणसाच्या रक्तात ऑक्सिजन आधीच जवळपास काठोकाठ असतो. कोविडमध्ये बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवर आपण ९७, ९८ हे आकडे पाहिलेच आहेत. भरलेल्या बादलीत अजून किती ओतणार?

हा निकाल गुपचूप बाजूला ठेवणं किती सोपं होतं! संस्था नवी, लोकांच्या देणग्यांवर चालणारी. ऑक्सिजनचा मुद्दा तर सुशिक्षितांना पटकन पटणारा, आयता ‘सायंटिफिक’. पण कुवलयानंदांनी तो सोडून दिला आणि तसं लिहिलंही. त्यांच्या मते प्राणायामाचं मोल वेगळ्या ठिकाणी होतं. छाती आणि पोटातल्या दाबाचे बदल आणि मज्जासंस्थेला लागणारं वळण, हे महत्त्वाचं. १९३१ मध्ये त्यांचं ‘प्राणायाम’ हे इंग्रजी पुस्तक आलं.

म्हणजे प्राण वेगळा आणि प्राणवायू वेगळा. योगातला प्राण ही सगळं शरीर चालवणारी शक्ती, आणि ती काही सिलिंडरमध्ये भरता येत नाही. एक्स-रेतही ती दिसत नाही. तिथे दिसतो डायाफ्रॅम. मोजता येतं तेवढं मोजायचं आणि मोजलं नाही त्याला मोजलं म्हणायचं नाही, ही शिस्त मी त्यांच्याकडून घेते.

त्यांचं नाव लांबवर गेलं. १९२७ मध्ये गांधीजी रक्तदाबानं आजारी पडले, तेव्हा आसनांबद्दल त्यांचा कुवलयानंदांशी पत्रव्यवहार झाला. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाचे संशोधक बेहनन लोणावळ्याला येऊन स्वतः योग शिकले आणि १९३७ मध्ये त्यांनी त्यावर पुस्तक लिहिलं. मुंबईत मरीन ड्राइव्हला कैवल्यधामचं केंद्र उभं राहिलं. १८ एप्रिल १९६६ ला स्वामीजी गेले. लोणावळ्यातलं त्यांचं काम आजही चालू आहे.

पुढच्या वेळी भुशी डॅमला भिजायला किंवा चिक्की आणायला लोणावळ्यात उतरलात, तर त्यांची आठवण काढा. आणि व्हायवाआधी दीर्घ श्वास जरूर घ्या. सावकाश, दम न कोंडता. बरं वाटतं हे खरंच आहे. मित्राला फक्त कारण तेवढं बरोबर सांगा.