सर्पगंधेचे डॉक्टर

मी शाळेत होतो तेव्हाची गोष्ट. आम्ही मुलुंडला चाळीत राहत होतो. वडिलांना रक्तदाबावर सर्पगंधेपासून केलेली छोटी गोळी सुरू झाली. दाब उतरला, पण भजनात पेटी वाजवणारे वडील हळूहळू गप्प झाले. आईला वाटे, दृष्ट लागली.

त्या मुळीला आधुनिक वैद्यकात मान मिळवून दिला मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी. जन्म १९११ चा. लंडनला शिकून ते परतले आणि के.ई.एम. रुग्णालयात हृदयरोग्यांत रमले. वैद्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असलेली मुळी त्यांनी थट्टेवारी नेली नाही. ५० रुग्णांना देऊन नोंदी ठेवल्या. १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये निबंध छापून आला. १९५७ साली अमेरिकेचे लास्कर पारितोषिक मिळाले. १९७४ साली ते गेले.

मुळीतले रेसरपिन १९५२ मध्ये वेगळे केले गेले. ते मेंदूतल्या पेशींच्या कोठारांत सेरोटोनिन आणि डोपामिन साठू देत नाही, हे पुढे कळले. रेसरपिनने निपचित पडलेले ससे डोपामिन घडवणारे द्रव्य देताच हालचाल करू लागले. त्यातूनच कंपवातावरच्या उपचाराची वाट निघाली. हे दाखवणाऱ्या अरविद कार्लसन यांना २००० साली नोबेल मिळाले.

वडिलांची उदासी त्या गोळीचीच, असे ठामपणे म्हणता येत नाही. संशोधकांतही एकमत नाही. गोळी बदलली आणि वर्षभरात पेटी पुन्हा वाजली, एवढे खरे. त्याच गोळीने त्यांना पक्षाघातापासून वाचवलेही असेल. बँकेत जमेसमोर नावेही बघायला शिकलो. वकिलांच्या मोठ्या जमेशेजारी आमच्या घरची ही छोटी नोंद असावी, एवढेच.