जेराल्ड आंजियर आणि चाळीस वर्षे छपरावाचून राहिलेले मंदिर

दिंडोशी, मालाड, गोरेगाव या बाजूंचे पुष्कळ लोक पोटापाण्यासाठी रोज आगगाडीने चर्चगेटास जातात. मुंबईच्या किल्ल्याचा तट १८६० नंतरच्या काही वर्षांत पाडण्यात आला, आणि ज्या दरवाजातून देवळाकडे रस्ता जात असे तो दरवाजाही नाहीसा झाला. नाव मात्र राहिले. ते देऊळ म्हणजे सेंट थॉमसचे मंदिर होय. त्याचा पाया ज्यांनी घातला, त्या जेराल्ड आंजियर साहेबांचे चरित्र आपल्या गावोगावच्या मंडळ्यांस बोधप्रद होईल असे आहे.

१६६१ च्या विवाहाच्या तहाने पोर्तुगालच्या राजाने मुंबई बेट इंग्लंडच्या राजास आंदण दिले, व १६६८ साली इंग्लंडच्या राजाने ते ईस्ट इंडिया कंपनीच्या स्वाधीन केले. त्या काळी आपले दिंडोशी साष्टी बेटात पोर्तुगिजांच्याच अमलाखाली होते. १६६९ साली सर जॉर्ज ऑक्झेंडन सुरतेस मरण पावले, आणि त्यांच्या जागी आंजियर साहेब सुरतेच्या वखारीचे प्रमुख व मुंबईचे गव्हर्नर झाले. बेट रोगट, दलदलीचे व शत्रूंनी वेढलेले होते. आंजियर साहेबांनी १६७२ साली तेथे न्यायकचेरी उघडली, टांकसाळ घातली, तटबंदी वाढविली, आणि निरनिराळ्या जातींस आपापल्या पंचांकरवी आपले तंटे तोडण्याची मोकळीक दिली. कोणाच्याही धर्माला हात लावावयाचा नाही, असा त्यांचा नियम असल्यामुळे बाहेरचे व्यापारी व कारागीर बेटावर राहावयास आले. १६७३ साली डच आरमार चालून आले असता त्यांनी स्वतः उभे राहून बचावाची तयारी केली, व ते आरमार हल्ला न करताच परतले. पुढच्या वर्षी शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या समयी रायगडास जो इंग्रज वकील हेन्री ऑक्झेंडन गेला, तो यांनीच पाठविला होता.

इतके सर्व होत असताना एक उणीव राहिली होती. इंग्रजांची उपासना किल्ल्यातील खोल्यांत होत असे. तिच्यासाठी निराळे मंदिर नव्हते. आंजियर साहेबांनी १६७५ साली मुंबईच्या ख्रिस्ती मंडळीस प्रभुभोजनाचा रुप्याचा प्याला अर्पण केला, आणि १६७६ साली मंदिराचा पाया घातला. वर्गणी जमू लागली, भिंती चढू लागल्या. परंतु दुसऱ्याच वर्षी, ३० जून १६७७ रोजी, ते सुरतेस मरण पावले. मंदिर पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

त्यानंतर काम थांबले. भिंती सुमारे १५ फूट उंच होऊन राहिल्या व जवळजवळ ४० पावसाळे त्यांच्यावरून गेले. मधल्या काळात, १६८९ साली, जंजिऱ्याच्या सिद्दीने मुंबईस वेढा घातला. रोगराईही चालूच होती. पण एवढ्यानेच काम अडले असे नाही. अलेक्झांडर हॅमिल्टन या प्रवाशाने असे लिहून ठेविले आहे की, मंदिरासाठी ५,००० पौंडांहून अधिक रक्कम जमली होती, आणि पुढे अधिकारावर आलेल्या सर जॉन चाइल्ड यांनी ती आपल्या उपयोगास लाविली. हा आरोप हॅमिल्टनचा आहे. तरी मंदिर उघडेच राहिले, ही गोष्ट सर्वांच्या डोळ्यांपुढे होती.

१७१४ साली रिचर्ड कॉब नावाचे पाळक मुंबईस आले. त्या उघड्या भिंती पाहून त्यांस वाईट वाटले. त्यांनी उपदेशातून लोकांस जागे केले, वर्गणीसाठी खटपट केली, आणि १७१५ साली काम पुन्हा सुरू केले. १७१८ च्या नाताळाच्या दिवशी मंदिर उपासनेसाठी उघडले. पुढे १८३७ साली ते बिशपांचे मुख्य मंदिर झाले, आणि १९७० पासून ते उत्तर भारतीय मंडळीकडे आहे.

वाचकहो, दावीद राजासही मंदिर बांधावयास मिळाले नाही. परंतु मरण्यापूर्वी त्याने सर्व सामग्री जमविली, शलमोनास नकाशा दिला, आणि सोन्यारुप्याचे वजनही नेमून दिले. म्हणून पुत्राच्या हातून काम सिद्धीस गेले. आंजियर साहेबांची इच्छा निर्मळ होती व आरंभही चांगला होता. पण त्यांच्या मागे तो निधी विश्वासूपणे राखून ठेवणारा व त्याचा हिशेब मंडळीपुढे मांडणारा कोणी उरला नाही. आपल्या खेड्यांत मातीच्या भिंतींची व कौलांची मंदिरे बांधताना हेच घडू शकते. मूठमूठ धान्य व आणाआणा देणाऱ्या विधवेचे दान एका मनुष्याच्या ट्रंकेत राहू नये; ते वहीत मांडले जावे, दोघांतिघांच्या नजरेखाली असावे, आणि मंडळीस वेळोवेळी वाचून दाखवावे. असे झाले म्हणजे पाया घालणारा निघून गेला तरी दुसऱ्यास छप्पर घालता येते, आणि त्यासाठी चाळीस पावसाळे वाट पाहावी लागत नाही.