बालकवी : एक उपाधी आणि निसर्गातील आकृती

त्र्यंबक बापूजी ठोमरे यांचा जन्म १३ ऑगस्ट १८९० रोजी खानदेशातील धरणगाव येथे झाला. वडील पोलीस खात्यात असल्याने बदल्यांमुळे कुटुंबाचे वास्तव्य एका गावी स्थिर राहिले नाही व ठोमरे यांचे शालेय शिक्षणही अपुरेच राहिले. १९०७ साली जळगाव येथे भरलेल्या कविसंमेलनात अध्यक्ष डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर यांनी त्यांना ‘बालकवी’ ही उपाधी दिली. ही उपाधी कवीच्या कोवळ्या वयाला उद्देशून होती. मुलांसाठी लिहिणारा कवी असा तिचा अर्थ नव्हता. पुढे मात्र पाठ्यपुस्तकांनी तिला तोच अर्थ चिकटवला.

रेव्हरंड ना. वा. टिळक यांचा स्नेह त्यांना लाभला आणि अहमदनगर येथे टिळक कुटुंबात त्यांचे काही काळ वास्तव्य झाले. फुलांचे व मुलांचे कवी म्हणून टिळकांचा लौकिक होता. बालकवींची निसर्गदृष्टी मात्र स्वतंत्र होती. आकारांची संगती टिपणे हा तिचा विशेष होय. ‘श्रावणमास’मध्ये इंद्रधनुष्य तोरणासारखे आकाशात बांधलेले दिसते आणि उडत्या बगळ्यांची रांग फुलांची माळ होते. कमान व माळ हे आकार मुलाच्या परिचयाचे असल्याने खानदेशातील काय किंवा उदगीरच्या पठारावरील काय, शाळकरी मूल ती कविता सहज आपलीशी करते.

‘औदुंबर’मध्येही अशीच आकृती आहे. ओढ्याचा निळा प्रवाह, हिरवी शेते आणि त्यांतून आडवीतिडवी जाणारी पांढरी पायवाट यांनी आठ ओळींचे हे चित्र रेखले आहे. परंतु या साऱ्या रेषा अखेर काळ्या डोहापाशी येऊन थांबतात. मूल हे चित्र कागदावर काढू शकेल. त्या डोहाची खोली मात्र त्याला पुढे, मोठेपणीच कळेल. ‘पारवा’ या कवितेतील उदासीनताही याच जातीची आहे. बालकवींना केवळ बालगीतकार ठरविल्यास त्यांच्या काव्याचा हा अर्धा भाग दृष्टीआड होतो. केवळ उदासीनतेचे कवी ठरविल्यास दुसरा अर्धा निसटतो.

५ मे १९१८ रोजी जळगावनजीक भादली स्थानकाजवळ रेल्वे अपघातात त्यांचा अंत झाला. तेव्हा त्यांना अठ्ठाविसावे वर्ष चालू होते. कवीला प्रौढत्व लाभले नाही, त्याच्या कवितेला मात्र ते आधीच लाभले होते. म्हणूनच वर्गात ती दोनदा शिकविली जावी : प्राथमिक शाळेत आकृतीसाठी आणि पदव्युत्तर वर्गात त्या आकृतीमागील अंधारासाठी.