टायगर मास्कमागचा माणूस

तुमच्यातल्या काहींना 'सूरज : द रायझिंग स्टार' आठवत असेल. २०१२ च्या डिसेंबरात कलर्सवर सुरू झालेली कार्टून मालिका. मुंबईच्या झोपडपट्टीत राहणारा सूरज, पोराला क्रिकेटर करायचंच म्हणून हट्टाला पेटलेला बाप, आणि अंगाला सायकलच्या ट्यूबा बांधून केलेली ती जीवघेणी प्रॅक्टिस. मी तेव्हा शाळेत होते आणि ही अस्सल आपली मुंबईची गोष्ट आहे असं समजून बघत होते.

नव्हती. गोष्ट जपानी होती. मूळ गोष्टीत क्रिकेटच्या जागी बेसबॉल होता आणि ट्यूबांच्या जागी स्प्रिंगा. ती लिहिणारा माणूस तोपर्यंत जाऊन पंचवीस वर्षं झाली होती. त्याचं नाव इक्की काजिवारा.

हे नाव तुम्ही ऐकलं नसेल तर त्यात तुमची चूक नाही. आपण अ‍ॅनिमे बघतो तेव्हा हिरोचं नाव लक्षात ठेवतो, फार तर चित्रकाराचं. पण हिरो मार खातो, रक्त ओकेपर्यंत सराव करतो, मग त्याला त्याच्याहून भारी प्रतिस्पर्धी भेटतो आणि शेवटी तोच प्रतिस्पर्धी त्याचा सगळ्यात जवळचा माणूस होतो, ही जी आपल्याला तोंडपाठ झालेली रीत आहे ना, ती रुजवणाऱ्यांत या माणसाचं नाव अगदी वर आहे. जपानीत या प्रकाराला 'स्पोकोन' म्हणतात. म्हणजे खेळ अधिक जिगर.

आता त्याच्या जुन्या मालिका कॅसेट, डीव्हीडी करत करत डिस्कच्या बॉक्ससेटमध्ये येऊन बसल्या आहेत. बॉक्सवर हिरोचं चित्र असतं. ही गोष्ट मात्र बॉक्सच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात ज्याचं नाव असतं, त्याची आहे. आधीच सांगते, ही काही सरळ, गोड गोष्ट नाही.

सुधारगृहातला मुलगा

४ सप्टेंबर १९३६ ला टोकियोत त्याचा जन्म झाला. खरं नाव आसाकी ताकामोरी. वडील संपादनाच्या कामात, त्यामुळे घरात पुस्तकं होती. बाहेर मात्र आधी युद्ध होतं आणि मग युद्धानंतरची उपासमार. पोरगा वाचणारा होता, पण हातही तितकेच सैल. मारामाऱ्या इतक्या वाढल्या की त्याला मुलांच्या सुधारगृहात पाठवलं गेलं. आयुष्यातली ही वर्षं त्यानं नंतर झाकून ठेवली. नाव झाल्यावर स्वतःबद्दल त्यानं बरंच काही रंगवून सांगितलं, पण हे सांगितलं नाही.

त्याला व्हायचं होतं कादंबरीकार. गंभीर, साहित्यिक वगैरे. विशीच्या आतच त्याची एक बॉक्सिंगवरची गोष्ट मुलांच्या मासिकात छापून आली. मग पोटापाण्यासाठी तो तेच लिहीत राहिला : कुस्ती, बॉक्सिंग, दणकट पोरं. मांगासाठी लिहिणं त्याला कमीपणाचं वाटायचं. तुम्हाला यूपीएससी करायची आहे आणि घरखर्चासाठी तुम्ही रील्सच्या स्क्रिप्ट लिहिताय, असं काहीसं.

'शोनेन मॅगझिन' या साप्ताहिकाच्या संपादकांनी त्याला गाठलं. युद्धाआधीच्या जपानमध्ये कोरोकु सातो नावाच्या लेखकानं मुलांसाठी लिहून एक पिढी वेडी केली होती. तुम्ही आमच्या मासिकाचे कोरोकु सातो व्हा, अशी गळ संपादकांनी घातली. वाचनवेड्या माणसाला याहून मोठा मान कुठला? तो तयार झाला.

१९६६ मध्ये 'क्योजिन नो होशी' सुरू झाली. नोबोरू कावासाकीची चित्रं, काजिवाराची गोष्ट. हातावर पोट असलेला, एकेकाळी जायंट्स संघात असलेला बाप आणि त्यानं घडवलेला, खरं तर त्यानं पिळून काढलेला मुलगा. हाच आपला सूरज. १९६८ मध्ये ती टीव्हीवर आली आणि १८२ भाग चालली.

कागदावरच्या माणसाचा अंत्यविधी

१९६८ मध्येच त्याच साप्ताहिकात त्याची दुसरी मालिका सुरू झाली, 'आशिता नो जो'. एका अंकात एकाच लेखकाची दोन नावं नकोत म्हणून इथे त्यानं आसाओ ताकामोरी हे नाव लावलं, आपल्या खऱ्या नावाशी मिळतंजुळतं. या गोष्टीतला जो हा अनाथ, भांडकुदळ पोरगा गरीब वस्तीत भटकत येतो, गुन्हे करतो, बालगुन्हेगारांच्या तुरुंगात जातो आणि तिथेच त्याला त्याचा प्रतिस्पर्धी रिकिइशी भेटतो. जे दिवस लेखक जगापासून लपवत होता, तेच त्यानं हिरोला देऊन टाकले. खोट्या नावानं नाही, जवळजवळ खऱ्या नावानं. हे कळल्यापासून मला ती मालिका पूर्वीसारखी बघता येत नाही.

चित्रकार तेत्सुया चिबा. काजिवारा कादंबरीसारखं गद्य लिहून पाठवायचा आणि त्यात कुणी हात घातलेला त्याला खपायचा नाही. चिबाला मात्र ती मुभा होती. त्यातून एक मजेशीर घोळ झाला. रिकिइशी पुढे जोचा मोठा प्रतिस्पर्धी होणार हे चिबाला सुरुवातीला ठाऊक नव्हतं, म्हणून त्यानं तो जोपेक्षा चांगला उंच, थोराड काढून ठेवला. बॉक्सिंगमध्ये वजनी गट असतात. दोघं एकमेकांसमोर येणार कसे? मग रिकिइशीनं वजन उतरवायचं ठरलं. अन्न बंद, पाणी बंद. त्या भयंकर वजन-उतरवणीतून तो रिंगमध्ये येतो, जिंकतो आणि मरतो.

वाचकांना हे इतकं लागलं की २४ मार्च १९७० ला प्रकाशनसंस्थेच्या इमारतीत रिकिइशीचा अंत्यविधी झाला. कवी-नाटककार शुजी तेरायामानं तो घडवून आणला आणि सुमारे ७०० लोक आले. कागदावरच्या माणसासाठी! आठवडाभरातच, ३१ मार्चला, रेड आर्मी गटाच्या नऊ तरुणांनी जपानमधलं एक विमान पळवलं आणि आपल्या निवेदनात स्वतःची तुलना जोशी केली. दुसऱ्याच दिवशी, १ एप्रिलला, जोची मालिका टीव्हीवर सुरू झाली. अपहृत विमान तेव्हा अजून वाटेतच अडकलं होतं.

त्या मालिकेचा दिग्दर्शक ओसामु देझाकी होता अवघा २६ वर्षांचा. हलत्या दृश्याचं मध्येच स्थिर, रंगवलेल्या चित्रात रूपांतर करायची त्याची जी खासियत पुढे गाजली, तिची मुळं त्याच काळातली. चांगल्या डिस्कवर बघा, ब्रशचे फटकारे दिसतात.

शेवटाचीही अशीच कथा. काजिवारानं लिहून दिलेला शेवट चिबाला पटला नाही. त्यानं स्वतःचा शेवट काढला : शेवटची लढत संपल्यावर कोपऱ्यात स्टुलावर बसलेला, पांढरा पडलेला जो. तो मेला की जिवंत आहे, यावर जपानमध्ये अजून वाद होतात. आणि काजिवारानं तो शेवट मान्य केला. हट्टी माणसानं असं कधीतरी मागे सरकणं मला महत्त्वाचं वाटतं.

वाघाचा मुखवटा, कराट्याचं वेड

१९६८ मध्येच 'टायगर मास्क'ही सुरू झाली होती, चित्रं नाओकी त्सुजीची. नाओतो दाते हा अनाथ मुलगा एका गुप्त टोळीच्या आखाड्यात तयार होतो आणि अमेरिकेत घाणेरड्या खेळासाठी बदनाम असलेला मुखवटेवाला कुस्तीगीर बनतो. अट अशी, की कमाईचा अर्धा वाटा टोळीला द्यायचा. जपानला परतल्यावर त्याला दिसतं, की तो ज्या अनाथाश्रमात वाढला तो कर्जात बुडालाय. तो पैसे तिकडे देतो. टोळी एकामागून एक मारेकरी रिंगमध्ये पाठवते. तिथली मुलं आपलं बघून शिकतात, हे कळल्यावर तो स्वच्छ खेळायचं ठरवतो आणि ते त्याला रोज महागात पडतं.

तोएईनं याचे १०५ भाग केले. रेषा जाड, खरखरीत, जणू रागानं ओढलेल्या. आजच्या गुळगुळीत अ‍ॅनिमेची सवय असेल तर पहिले दोन भाग जड जातील. तिसऱ्यापासून जाणार नाहीत. १९७० मध्ये त्याच्या गोष्टींवरच्या निदान तीन मालिका जपानी टीव्हीवर एकाच वेळी चालू होत्या.

१९७१ मध्ये त्यानं 'कराते बाका इचिदाई' लिहायला घेतली. मासुतात्सु ओयामा या खऱ्याखुऱ्या कराटेगुरूची कहाणी. तुमच्या गावातल्या कराटे क्लासच्या पाटीवर 'क्योकुशिन' हा शब्द दिसला असेल, तर ती याच ओयामाची शैली. मांगात सगळं खरं म्हणून सांगितलं होतं. प्रत्यक्षात काजिवारानं त्यात भरपूर मीठमसाला घातला होता. पण मुलं ते वाचून डोजोच्या दारात रांगा लावू लागली. १९७३-७४ मध्ये त्याची ४७ भागांची मालिका झाली, त्यात हिरोचं नाव बदलून केन आसुका ठेवलं.

आता जरा थांबून बघा. तिशीतला माणूस, हातात पैसा, टीव्हीवर आपलीच पात्रं, आजूबाजूला कराटेवाले आणि कुस्तीगीर. जो लढवय्यांच्या गोष्टी लिहायचा, तो स्वतःला त्यांच्यातलाच एक समजायला लागला. काळा चष्मा, आडदांड देह, मोठा आवाज. त्यानं सिनेमे काढले. ओयामाशी त्याचं पुढे बिनसलं. १९८१ च्या एप्रिलमध्ये त्याचा टायगर मास्क खऱ्या रिंगमध्ये उतरला. सातोरू सायामा नावाच्या कुस्तीगीरानं तो मुखवटा घातला आणि जपान पुन्हा वेडं झालं. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, या माणसाला आणखी काय हवं?

पडझड

१९८३ मध्ये त्याला अटक झाली. त्यानं एका मासिकाच्या उपसंपादकाला मारहाण केली होती. ज्या प्रकाशनसंस्थेनं त्याला मोठं केलं, तिथलाच माणूस. मग आणखी प्रकरणं बाहेर आली. वर्तमानपत्रांना खाद्य मिळालं. चालू मालिका थांबल्या. मुलांना जिगर, इमान आणि स्वच्छ खेळ शिकवणारा लेखक स्वतःपेक्षा दुबळ्या माणसावर हात टाकत होता. हे सांगताना मला कुठलीही पळवाट काढायची नाही. सुधारगृह, युद्ध, भूक हे सगळं खरं आहे, पण मार खाणाऱ्याला त्याचा काय उपयोग?

त्याच वर्षी स्वादुपिंडाच्या गंभीर आजारानं तो मरणाच्या दारात जाऊन आला. धिप्पाड माणूस पार वाळला. कोर्टानं शिक्षा दिली, पण ती स्थगित ठेवली, त्यामुळे तुरुंग टळला. १९८५ मध्ये तो शेवटची मालिका लिहायला बसला, 'ओतोको नो सेइझा'. या वेळी हिरो होता तो स्वतः : कादंबरीकार व्हायची स्वप्नं बघणारा, कुस्ती-कराट्यानं भारावलेला तरुण. ती पूर्ण झाली नाही. २१ जानेवारी १९८७ ला तो गेला. वय ५०.

मी मास कम्युनिकेशनला असल्यामुळे वर्गात कलाकार आणि कलाकृती वेगळे करावेत का, यावर आम्ही तासन्‌तास भांडलोय. काजिवाराबद्दल वाचल्यावर मला एक कळलं, की त्याच्या बाबतीत ते वेगळे करताच येत नाहीत. ज्या रागातून जो आला, त्याच रागातून ती मारहाणही आली. फरक इतकाच, की कागदावर त्या रागाला समोर चिबा भेटला, नियम भेटले, वजनी गट भेटले. बाहेर त्याला अडवणारं कुणी उरलं नव्हतं, आणि त्यानंही स्वतःला अडवलं नाही.

पण गोष्ट इथे संपत नाही. २५ डिसेंबर २०१० ला जपानच्या माएबाशी शहरात मुलांच्या एका सरकारी केंद्राच्या दाराशी शाळेची १० नवीकोरी दप्तरं कुणीतरी ठेवून गेलं. पाठवणाऱ्याचं नाव : नाओतो दाते. टायगर मास्कचं मुखवट्याखालचं नाव. बातमी पसरली आणि जानेवारीभर जपानच्या कानाकोपऱ्यातल्या अनाथाश्रमांबाहेर दप्तरं, खेळणी, पैसे येत राहिले. कित्येकांवर तेच नाव होतं.

मांगाच्या शेवटी नाओतो एका मुलाला वाचवताना गाडीखाली सापडतो. मरता मरता तो खिशातला मुखवटा काढून नदीत फेकतो, म्हणजे टायगर मास्क मेला हे मुलांना कधीच कळू नये. टीव्ही मालिकेचा शेवट वेगळा आहे, तो तुम्हीच बघा.

कधी ती डिस्क हाती लागली, तर बॉक्स उलटा करा आणि बारीक अक्षरातलं ते नाव शोधा. ते वाचून त्याला माफ करायची गरज नाही. फक्त ते कुणाचं आहे, एवढं माहीत असू द्या. मग पहिला भाग लावा.