निजामअली आणि तैनाती फौज

उदगीर, राक्षसभुवन, खर्डा या नावांतून निजामअलीखान मराठी वाचकाला भेटतो, आणि बहुधा पराभूत म्हणूनच भेटतो. त्याच्या आयुष्यातील खरी हार मात्र रणांगणावरची नव्हे.

परकी फौज पदरी ठेवण्याची किंमत १७३४ साली जन्मलेल्या या आसफजाही राजपुत्राने तरुणपणीच पाहिली होती. वडीलबंधू सलाबतजंग गादीवर असता फ्रेंच सेनानी बुसी हाच दरबाराचा कर्ताकरविता होता. त्याच्या फौजेच्या खर्चापोटी १७५३ साली पूर्व किनाऱ्यावरील ‘उत्तर सरकार’ हा सुपीक मुलूख फ्रेंचांना तोडून द्यावा लागला. पुढे इंग्रजांनी तेथून फ्रेंचांना हुसकले. १७६२ साली भावाला बिदरच्या किल्ल्यात कैद करून निजामअली गादीवर आला खरा. पण १७६६ च्या तहाने तो मुलूख त्याला इंग्रजांच्या हाती सोडावा लागला.

एवढे पाहिलेला पुरुष त्याच वाटेने का गेला? भित्रेपणा हे आपल्याकडचे रूढ उत्तर मला पुरेसे वाटत नाही. १७९५ च्या मार्चमध्ये खर्ड्यास मराठ्यांशी गाठ पडली, तेव्हा त्याच्या पदरी इंग्रजांच्या दोन पलटणी होत्या. गव्हर्नर जनरल सर जॉन शोअर याने त्या मराठ्यांविरुद्ध वापरू दिल्या नाहीत! दौलताबादसह बराच मुलूख द्यावा लागला. दिवाण मुशीरउल्मुल्क पुण्यास ओलीस गेला. संतापलेल्या निजामाने पलटणींना निरोप दिला. पण त्याच वर्षी पुत्र आलीजाहने बंड केले आणि त्यांना परत बोलवावे लागले. त्याचा खरा भरवसा आता फ्रेंच सरदार रेमंडच्या कवायती फौजेवर होता. मलकपेठेजवळच्या टेकडीवर ज्याची समाधी आपण पाहतो, तोच हा रेमंड. मार्च १७९८ मध्ये तो वारला.

फ्रेंचांचा धसका घेतलेल्या वेलस्लीने ही संधी दवडली नाही. १ सप्टेंबर १७९८ च्या तहाने इंग्रजांच्या सहा पलटणी हैदराबादेत कायमच्या आल्या. त्यांचा वार्षिक खर्च २४,१७,१०० रुपये ठरला. ऑक्टोबरात फ्रेंच फौज मोडण्यात आली. पुण्याकडून होणाऱ्या स्वारीचे भय मात्र उरलेच. ते कायमचे टळावे म्हणून निजामअलीने १२ ऑक्टोबर १८०० रोजी दुसरा तह केला. फौज वाढली आणि रोख रकमेऐवजी, १७९२ व १७९९ मध्ये टिपूच्या राज्यातून वाट्यास आलेला बळ्ळारी, कडपा, अनंतपूरकडील मुलूख कंपनीच्या घशात गेला. इतर सत्तांशी स्वतंत्र बोलणे करण्याचा अधिकारही संपला. अवघ्या दोन वर्षांनी खर्ड्याच्या विजेत्यांचा पेशवा दुसरा बाजीराव वसईस अशाच अटी मान्य करून बसला, हेही येथे आठवावे.

६ ऑगस्ट १८०३ रोजी निजामअली निवर्तला. मक्का मशिदीच्या आवारात त्याची कबर आहे. दुसऱ्याच दिवशी इंग्रजांनी शिंदे-भोसल्यांविरुद्ध युद्ध पुकारले. त्या मोहिमेत कर्नल स्टीव्हन्सनच्या हाताखाली जी सेना उतरली, ती हैदराबादचीच तैनाती फौज होती. हुसेनसागराच्या उत्तरेकडील तिच्या छावणीला १८०६ साली नव्या निजामाच्या, सिकंदरजाहच्या, नावावरून सिकंदराबाद म्हणू लागले.